डोळ्याचा कल

४ ऑक्टोबर १९७४

पोचलो एकदाचे! बस खालच्या गावातच सोडते, पुढचा चढ पायी. दोन सुटकेसा, उशांचं गाठोडं आणि शिवाय रोझार्का, जी अर्ध्या वाटेवर मटकन बसली आणि म्हणाली, आता माझे पाय संपले. सात वर्षांच्या पोरीचे पाय संपतात तरी कसे! नशीब, वेधशाळेचा ट्रॅक्टर कोळसा घेऊन वर चालला होता. रोझार्का सुटकेसवर राणीसारखी बसून वर गेली, आणि मी मागे कोळशावर, उशा छातीशी धरून.

खोली छान आहे. खिडकीतून सफरचंदाची झाडं दिसतात आणि त्यांच्या डोक्यावरून घुमटाची पांढरी टोपी. पलंग एकच, पण ऐसपैस. रोझार्कानं भिंतीकडची बाजू पटकावलीसुद्धा.

जेवणघर लोइझ्का मावशीच्या ताब्यात आहे. मला बघून म्हणते कशी, एवढीशी बाई आणि एवढ्या मोठ्या सुटकेसा, नवऱ्याला आत बसवून आणलंस की काय? मी म्हटलं, नवरा नाही, दोन वर्षं झाली. रेल्वेत होता, डबे जोडताना मध्ये सापडला. मावशीनं अरेरे वगैरे काही केलं नाही. माझ्या शेपूच्या सुपात आणखी एक उकडलेलं अंडं टाकलं आणि म्हणाली, इथे अहो-जाहो चालत नाही, मी लोइझ्का, तू कोण? मी बोहुमिला. मग बोहुन्काच, म्हणाली. जीव भांड्यात पडला.

सासूबाईंनी पार्दुबित्सेहून निघताना ऐकवलंच होतं. तुझ्याच्यानं पोर सांभाळणं व्हायचं नाही, तू माझ्या ओल्डाच्या मागे अर्धी मेलेली आहेस. इस्टरपर्यंत वाट बघते, नाहीतर येऊन घेऊन जाईन. त्या खोटं बोलल्या असंही नाही. गेल्या हिवाळ्यात कित्येक सकाळी मी उठलेच नाही, आणि रोझार्कानं आपल्या हातानं पावाला लोणी लावून शाळा गाठली. ते सगळं मागे टाकायला तर इथे आले. रोझार्का माझ्याकडे राहायला हवी. बाकी मला या जगाकडून काही नको.

८ ऑक्टोबर

काम समजलं. रात्रभर घुमटातली मंडळी ताऱ्यांचा उजेड रंगांत फोडून, जांभळ्यापासून लालपर्यंत, काचेच्या लांबट पट्ट्यांवर उतरवतात. सकाळी ते झोपायला जातात आणि पट्ट्या माझ्याकडे येतात. म्हणजे मी खगोलशास्त्रातली दिवसपाळी. तारे मला दिसायचे नाहीत, त्यांच्या रेघा दिसतील. रेल्वेच्या नकाशा-कचेरीत आठ वर्षं रेघाच ओढल्या, तेव्हा काही बिघडत नाही.

पट्टी यंत्राखाली ठेवायची, नेत्रिकेला डोळा लावायचा, आणि आतली बारीक तार स्क्रू फिरवत रेघेच्या बरोबर मध्यावर आणायची. आकडा लिहायचा, पुढची रेघ. सोपं वाटलं ना? गंमत पुढे आहे. डॉ. वाव्रा, आमचे विभागप्रमुख, फार सभ्य माणूस, बोलताना हातातला खडू पुसत राहतात. त्यांनी सांगितलं की प्रत्येकाचा डोळा नकळत एका बाजूला झुकतो. कुणाचा डावीकडे, कुणाचा उजवीकडे. त्याला इथे कल म्हणतात. म्हणून पट्टी उलटी फिरवून तीच रेघ पुन्हा मोजायची. कल आता दुसऱ्या बाजूला पडतो, आणि दोन्ही आकड्यांची सरासरी काढली की मोजणारा निघून जातो, उरतो फक्त तारा.

बाकी जगात लोक सरासरीवर थांबतात. डॉ. वाव्रा थांबत नाहीत. त्यांचा नियम असा की दोन्हीकडचे आकडे जुळेपर्यंत पट्टी उलटसुलट करत राहायची, म्हणजे कल डोळ्यातूनच जातो. ही त्यांची स्वतःची पद्धत, आणि तिचा त्यांना केवढा अभिमान! मी विचारलं, माझा कल किती? हसले. म्हणाले, बाई, तुमचा भयंकर आहे, तुम्ही सगळ्यालाच डावीकडे ओढता.

१७ ऑक्टोबर

सगळ्या पट्ट्या एकाच ताऱ्याच्या आहेत. त्याला नाव नाही, नुसता आकडा. लोइझ्का मावशी त्याला भिंगरी म्हणते आणि आता सगळेच म्हणतात.

निळा, तापलेला तारा, आणि स्वतःभोवती असा गरगरतो की मध्ये फुगलाय. त्याची एक कड आपल्याकडे धावत येते, दुसरी दूर पळते, त्यामुळे एरवी चाकूच्या चिरेसारखी बारीक असणारी रेघ इथे रुंद आणि उथळ पसरते. वाटीची परात झालेली. मध्य कुठे धरायचा तेच कळत नाही, तार ठेवावी तिथे बरोबर वाटते. डॉ. वाव्रा म्हणाले, आणखी थोडा वेग आला तर हा स्वतःचंच अंग बाहेर फेकायला लागेल, कसाबसा स्वतःला धरून आहे. मी मनात म्हटलं, असे पुष्कळ असतात.

आणि त्या उथळ रेघेत एक खाच आहे. एका रात्रीच्या पट्ट्या ओळीनं लावल्या की ती सरकताना दिसते. जांभळ्या कडेला उगवते, रेघेतून चालत लाल कडेला जाते आणि मावळते. ताऱ्याच्या अंगावर काहीतरी आहे, ते त्याच्याबरोबर फिरतं, मागे जातं, पुन्हा पुढे येतं. ते काय, हे कुणालाच माहीत नाही. मी तेच मोजते.

माझ्या आधी हे काम हेडविका बाई करत होत्या. तब्येतीमुळे सोडलं, पण खोली वेधशाळेनं राहू दिली. रोज जेवायला येतात. गोऱ्या, नीटनेटक्या, समोर काय वाढलंय हे न बघता खातात. डॉ. वाव्रा म्हणतात, हेडविका बाईंचा कल शून्यावर आला होता, असा डोळा पुन्हा होणे नाही. मावशी म्हणाली, डोळ्याचं सोड, त्या बाईला मी एकदा चुकून मिठाऐवजी साखर घातलेलं सूप वाढलं, तिनं संपवलं आणि वाडगा धुऊन ठेवला.

२ नोव्हेंबर

आज मृतांचा दिवस. सकाळच्या गाडीनं पार्दुबित्सेला जाऊन ओल्डाच्या थडग्यावर दिवे लावून आलो. मला या दिवसाची धास्ती होती. गेल्या वर्षी मी तिथे अशी कोसळले की दोन अनोळखी बायकांनी उचलून बाकावर बसवलं.

या वेळी नाही. दिवा लावला, वाऱ्यानं विझला, परत लावला. फुलं ठेवली. छातीवरचा तो दुःखाचा दगड कुठाय म्हणून चाचपून बघितलं, तर होता, पण लहान झालेला. सासूबाई बाजूला रडत होत्या आणि मी त्यांना रुमाल दिला. मी त्यांना! परतीच्या गाडीत रोझार्कानं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, आई, तू आज रडली नाहीस, आता आपण बरे झालो का? मी म्हटलं, हो ग, झालो.

डोंगराची हवा मानवली, दुसरं काय.

१४ नोव्हेंबर

माझा कल निम्म्यावर आला. डॉ. वाव्रांनी कपाटातून आलुबुखाराची दारू काढली, भर दुपारी! म्हणाले, सहा आठवड्यांत हेडविका बाईंनासुद्धा हे जमलं नव्हतं. मी घोट घेतला. घशाला ऊब लागली, चव फारशी लागली नाही. सर्दी असावी.

मावशीला सांगितलं तर ती खूष झाली नाही. कांदा चिरता चिरता म्हणाली, बोहुन्का, तू पहिल्या दिवशी आलीस तेव्हा तोंडावर दुःख होतं, पण तोंड होतं. ही काय बोलायची रीत झाली!

रविवारी हेडविका बाईंचा मुलगा आला होता. चाळिशीचा, हातात केकचा डबा. त्या उठून उभ्या राहिल्या, हात पुढे केला आणि अगदी अदबीनं विचारलं, आपण कुठून आलात, प्रवास बरा झाला ना? तो म्हणाला, बरा झाला, आई. मग दोघांनी केक खाल्ला. जाताना तो जिन्यात बराच वेळ उभा होता. त्याला पाहून मला वाईट वाटायला हवं होतं, असं मला आत्ता लिहिताना सुचतंय.

५ डिसेंबर

मिकुलाशची, म्हणजे संत निकोलसच्या सणाची संध्याकाळ. गावातली पोरं सैतान आणि देवदूत बनून वर आली, साखळ्या खळखळवत. ट्रॅक्टरवाला सैतान झाला होता, काळं फासून, गोणी घेऊन. वाईट पोरांना घालतो मी यात, म्हणून गरजला. रोझार्का किंचाळली आणि धावत येऊन माझ्या कमरेला मिठी मारली.

आता हे नीट लिहिते. ती थरथरत होती. तिचं डोकं माझ्या पोटाशी होतं. आणि मला वाटलं, कुणाची तरी मुलगी माझ्या कोटाला लटकली आहे. कोट ताणला जाईल. एवढंच. बाकी काही आलं नाही.

मी तिला थोपटलं. कसं थोपटतात ते हाताला माहीत होतं. पण तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि मिठी सोडली.

आज माझा कल जवळजवळ शून्य होता.

१० डिसेंबर

मी वेडी नाही. दोन आणि दोन चार करता येतात. पट्टी उलटी करायची आणि जुळेपर्यंत मोजायची, म्हणजे मला त्यातून काढून टाकायचं. मी रोज स्वतःला काढून टाकते आहे. आधी गेलं ते दुःख, तेव्हा मी आभारच मानले. मग चव. आता रोझार्का.

घाबरायला हवं. घाबरले असते तर काय केलं असतं याचा विचार करून तेच करायचं ठरवलंय. उद्या पट्ट्या एकाच बाजूनं मोजायच्या. उलटायच्या नाहीत. कल राहू दे.

११ डिसेंबर

आला. सगळा परत आला.

दुपारी जेवणघरात, ताटात बदकाचं मांस आणि कोबी. पहिल्या घासाला चव लागली, आणि तिच्यामागून ओल्डा. त्याच्या हातांना येणारा वंगणाचा वास. रेल्वेवाले त्याला घरी आणायला तयार नव्हते, बघू नका म्हणाले, आणि मी पाहिलं. काल घडल्यासारखं, काल नव्हे, आत्ता! मी टेबलावर डोकं आपटून रडले. मावशीनं मला मागून घट्ट धरलं, रड ग बाई, रड म्हणाली, तीही रडली.

रोझार्का शाळेतून आली आणि मी तिला अशी कवटाळली की ती ओरडली, आई, दुखतंय! पण हसत होती. दोन्ही हातांनी माझे गाल धरून म्हणाली, आलीस? माझी पोरगी ती, माझं सोनं, माझा जीव. रात्रभर तिला कुशीत घेऊन पडले. तिच्या केसांचा वास. आणि छातीवर तो दगड. दोन्ही एकदमच.

१२ डिसेंबर

अंथरुणातून उठवेना. रोझार्कानं स्वतः पावाला लोणी लावलं. दारात उभी राहून म्हणाली, मी एकटी जाईन, तू झोप. पार्दुबित्सेसारखंच.

सासूबाई बरोबर म्हणत होत्या. अशी आई काय कामाची.

१३ डिसेंबर

पट्टी उलटली.

हे मी समजून-उमजून केलं, कुणी सांगितलं नाही. डॉ. वाव्रा फक्त म्हणाले होते की परवाचे आकडे चुकलेत, होतं असं कधी कधी. मी अख्खा दिवस बसले आणि सगळ्या पट्ट्या उलटसुलट केल्या. तीन वाजेपर्यंत छाती हलकी झाली. घरी जाऊन कपडे धुतले, बटाट्याची धिरडी केली, रोझार्काचा गृहपाठ घेतला. चांगली आई जे जे करते ते सगळं.

रोझार्का माझ्याकडे बघत होती. गृहपाठ संपल्यावर तिनं विचारलं, तू परत गेलीस?

२४ डिसेंबर

नाताळ. न्हाणीतल्या टबात दोन दिवस सणाच्या जेवणाचा मासा पोहत होता, रोझार्कानं त्याला नावही ठेवलं होतं. दरवर्षी मारताना रडते. या वर्षी रडली नाही. मी मारला, तिनं पाट धरला.

शाळेला सुट्टी असल्यामुळे ती मोजणीच्या खोलीत माझ्याजवळ बसते. मी चहा आणायला गेले की नेत्रिकेला डोळा लावते. मी विचारलं, काय दिसतं ग? म्हणाली, तू दिसतेस. त्या खाचेत. रडतेस, हसतेस, मला हाका मारतेस. इथल्यापेक्षा तिथे जास्त आहेस.

मी म्हटलं, डोळे बिघडतील, नको बघू. आवाज चढवायला हवा होता. कुठला आवाज, ते आठवेना.

९ जानेवारी १९७५

शाळेतून निरोप. बाईंनी रोझार्काचं कौतुक केलं आहे — शांत झाली, सांगितलं ते ऐकते, उभी राहा म्हटलं की उभी राहते. पडली तरी रडत नाही. गुडघा फुटला होता, रक्त मोज्यात गेलं, तिनं कुणाला सांगितलं नाही.

काल मी खोलीत शिरले तेव्हा ती यंत्रापाशी होती. पट्टी उलटी फिरवत होती. तिला कुणी शिकवलं? मी. रोज समोर बसवून.

म्हणाली, आई त्या बाजूनं जास्त जवळ येते.

१० जानेवारी

हिशेबानं कळतंय. तिला इथून हलवायला हवं. सासूबाईंना पत्र टाकलं, इस्टरची वाट बघू नका, येऊन घेऊन जा. मुलीला आपल्या हातानं देऊन टाकते आहे आणि हात कापत नाही. तरी बरोबर आहे ते. सासूबाई रडतात, ओरडतात, खाऊ घालतात. तिथे ती वाचेल.

ती वाचली पाहिजे. हे वाक्य मी रोज सकाळी म्हणते, पाढ्यासारखं.

मोजणीची खोली आता कुलूप लावून बंद ठेवते. काम सोडून द्यायचंही ठरवलं होतं. सकाळी पाय आपोआप तिकडे गेले.

१६ जानेवारी

सासूबाईंचं उत्तर — मंगळवारी, एकवीस तारखेला येते.

मावशी म्हणाली, मला तुझ्याकडे बघवत नाही ग. हेडविकाचंही असंच झालं, आम्ही सगळे बघत बसलो. तिच्या हातात कढईचं झाकण होतं ते तिनं जोरात आपटलं. मी दचकले नाही. बाजूच्या टेबलावरच्या हेडविका बाईही नाही. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

१८ जानेवारी

खाच लाल कडेला गेली. मावळली. पुढच्या पट्ट्यांत जांभळ्या कडेला यायला हवी.

आली नाही.

सगळ्या पट्ट्या पुन्हा पाहिल्या. रेघ सपाट, उथळ, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत काही नाही. डॉ. वाव्रा खडू पुसत म्हणाले, विलक्षण! मावळली ती ताऱ्याच्या मागे नाही, मग गेली कुठे?

माझा कल — शून्य.

२० जानेवारी

उद्या सासूबाई येतील. रोझार्काची सुटकेस भरून ठेवली आहे.

बर्फ फार होतं म्हणून दुपारी शाळेत न्यायला गेले. सगळ्या मुलींना लाल टोप्या. गावातल्या दुकानात एकाच रंगाची लोकर आली होती. पोरं भराभर सुटली, आयांनी ओढून नेली. मी फाटकाशी उभी राहिले. माझी कोणती, ते बघत होते. नाक, डोळे, गाल — सगळ्यांना होते. कुठल्याच चेहऱ्यावर डोळा थांबेना. कडा सापडत होत्या, मध्य सापडत नव्हता.

म्हटलं, थांबू. माझी असेल ती येईल.

शेवटी दोनच उरल्या. एक कुंपणाशी, एक फाटकाजवळ. दोघी सारख्याच उंच, दोघी माझ्याकडे बघत होत्या. दोघींपैकी कुणीही आई म्हणालं नाही. मग फाटकाजवळच्या मुलीनं हात पुढे केला.

तिचा हात धरला. कुंपणाजवळची तशीच उभी होती, बर्फात. तिच्यासाठी कुणी आलं नव्हतं. मी तिला म्हटलं, इथेच उभी राहा हं बाळ, हलू नकोस. तिनं मान डोलावली. शहाणी मुलगी.

घरी आलो. हिनं सूप खाल्लं नाही. टोपी काढली नाही.

२० जानेवारी, अंधार पडताना

मुलगी टेबलाशी बसली आहे. मी तिला विचारलं, शाळेत काय झालं. बोलत नाही. रोझार्का बोलत नाहीच आता. तरी —

खात्री करायला हवी. हिशेबानं होणार नाही ही खात्री. त्याला दुसरं काहीतरी लागतं, ते माझ्याकडे नाही. पण ते कुठे आहे आणि कसं परत येतं हे मला माहीत आहे.

तिला घेऊन मोजणीच्या खोलीत आले. वही इथेच आहे. दिवा लावला. पट्ट्या एकाच बाजूनं मोजायच्या, उलटायच्या नाहीत. ती शेजारच्या स्टुलावर, माझा डावा हात धरून. सोडत नाही. असू दे.

पहिली पट्टी. काही नाही.

दुसरी. काही नाही.

चौथी — तोंडात कडू चव. दुपारचा चहा.

सहावी — ओल्डा. ओल्डा, ओल्डा, वंगणाचे हात — सहन करायचं, या वेळी सहन करायचं, उलटायची नाही —

सातवी. दगड आला, पूर्ण आला. येऊ दे. त्याच्या मागूनच ती येते, मला माहीत आहे. माझी रोझार्का. तिच्या केसांचा — देवा, तिच्या केसांचा वास. आली. आली ग सोन्या. आता बघते. मान वळवून बघते.

नाही —

ही नाही. ही माझी नाही. टोपीच्या खाली तोंडच — सपाट आहे, या कडेपासून त्या कडेपर्यंत, काही नाही त्यात — नुसतं माझ्याकडे वळलंय —

हात सुटत नाही. ओढला, खुर्चीसकट ओढला, सुटत नाही. ओरडले, घुमटात कुणी नाही, आज आभाळ भरून आलंय. उजव्यानं लिहितेय.

लोइझ्का — इथला दिवा बघून येशील, आलीस की हे आधी वाच, मला सोडवत बसू नकोस — शाळेकडे पळ. कुंपणाशी बघ. लाल टोपी. बर्फ पडतंय, अंधार — ती हाक मारणार नाही, रडणार नाही, सांगितलं तिथेच उभी राहते ती आता — माझीच पोर, माझ्याकडे बघत होती आणि मी, मी तिला सांगून आले, इथेच उभी राहा हं बाळ, हलू नको